तीन नंबरच्या फ्रिजमध्ये राहिलेलं

फोन आला तेव्हा क्रांतीच्या मुठीत तीन नंबरच्या खोलीची चावी होती, आणि नंतर हे आठवताना तिला वाटत राहिलं की चावीला आधीच कळलं असणार. नोव्हेंबरची दुपार कलायला लागली होती, शाळा सुटून तासच झाला होता, आणि वाडीतल्या पोफळींच्या सावल्या एकेक करून ओट्यावर चढत होत्या. घरच्या खोल्या भाड्याने मागणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम दिवाळीपासून तिच्याकडे आलं होतं. पप्पा फोनवर नुसतं 'हां हां, या या' करायचे आणि पुढचं काही विचारलं की मम्मीकडे बघायचे, क्रांती मात्र वक्तृत्वात तालुक्यात पहिल्या आलेल्या आवाजात "नमस्कार, बोला, किती माणसं?" असं विचारायची, की समोरचा एकदम सरळ बसून उत्तरं द्यायचा. "मी साहिल, पुण्याहून," समोरचा म्हणाला. "मार्चमध्ये आलो होतो आम्ही चौघं, होळीला. तीच खोली मिळेल का शनिवारी?" "मिळेल की!" क्रांती म्हणाली. "सुरमई आवडते ना? सांगून ठेवते कोळणीला." तो हसला, थांबला, आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "एक विचारायचं होतं. त्या खोलीतल्या फ्रिजमध्ये आमचं चॉकलेट राहिलं होतं. सोनेरी कागदातलं. फेकलं ना तुम्ही?" पोफळीची एक सावली तिच्या पायाच्या अंगठ्यापाशी येऊन थांबली होती. "का हो?" तिने विचारलं. "नाही, साधं नव्हतं ते. त्यात मशरूम असतात, नशेची. माणसाला काहीबाही दिसायला लागतं. आमच्या लक्षात आलं तोवर ताम्हिणी घाट चढलो होतो. मग फोन करायची लाज वाटली." "फेकलं," क्रांती म्हणाली, आणि तिचा आवाज जराही हलला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "सुटलो बाबा," तो म्हणाला. "कुणी खाल्लं असतं तर सहा तास वाट लागली असती त्याची. म्हणजे, नंतर उतरतं. पण सहा तास काही खरं नाही."

सहा तास. फोन ठेवल्यावर तिने ते बोटांवर मोजलं, जणू सहा ही फार मोठी संख्या होती. मग मार्च ते नोव्हेंबर मोजलं. आठ महिने. आधी तिला भरतीचं पाणी खाडीतून मागे सरतं तसं मोकळं मोकळं वाटलं: म्हणजे ते आपल्या डोक्यातलं नव्हतं, सोनेरी कागदातलं होतं! तिला उठून ओरडावंसं वाटलं, अंगणात दोन गिरक्या घ्याव्याशा वाटल्या. पण ओहोटीत जसं पाणी सरलं की खालचे खडक दिसायला लागतात, तसं लगेच दुसरं काहीतरी दिसायला लागलं. सहा तासांत उतरायचं होतं तर आठ महिने हे काय चाललंय? कारण ते गेलं नव्हतं. हे कुणाला सांगून समजलं नसतं. तिला काही दिसत नव्हतं, तसं काहीच दिसत नव्हतं. फक्त दिसेल असं वाटत होतं. ओट्यावरची फरशी स्थिर होती, पण ती दम धरून बसल्यासारखी स्थिर होती, आणि क्रांतीला रोज, आंघोळ करताना, भूगोलाच्या तासाला, मीठ वाढताना, वाटायचं की आता फरशीने दम सोडला. म्हणून तिने स्वतःपुरते काही उपाय शोधले होते. चावीचे दात तळहातात रुतवायचे. एसटीच्या पाटीवरची अक्षरं उलटी वाचायची, डरुमु गबालिअ, वाचता आली म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. आणि कुणी नसेल तेव्हा स्वतःचं पूर्ण नाव हजेरीसारखं घ्यायचं आणि स्वतःच 'हजर' म्हणायचं. गंमत म्हणजे या आठ महिन्यांतच शाळेत तिचं नाव 'भोंगा' पडलं होतं. स्वातंत्र्यदिनाला चारशे पोरांसमोर ती कागदाशिवाय अशी बोलली होती की सरपंच टाळ्या वाजवायला उभे राहिले. मैत्रिणी म्हणाल्या, तुला भीती कशी नाही वाटत गं? क्रांती नुसती हसली. तीन नंबरच्या पलंगाखालून जिने ते बघितलंय, तिला चारशे पोरांचं काय कौतुक!

पण ते चॉकलेट तिने एकटीने खाल्लं नव्हतं. फोन ठेवल्यापासून तिचं मन याच वाक्याला वळसा घालून जात होतं, चिखल टाळून कडेकडेने जावं तसं. घरात एक कायदा होता, आणि तो सखुआत्याने केला होता. सखुआत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. खोल्या झाडायचं काम तिचं. गिऱ्हाईक गेल्यावर खोलीत जे राहील ते दोन दिवस देवळीत ठेवायचं, फोन आला तर कुरिअरने पाठवायचं, आणि नाही आला तर ज्याने खोली झाडली त्याचं. या कायद्यावर आत्याने आपलं एक राज्य उभं केलं होतं. तिच्या पत्र्याच्या पेटीत अर्ध्या अर्ध्या शांपूच्या बाटल्या होत्या, एका कानातलं एकच डूल, पोहायचं रबरी बदक, गुलाबी कडांची टोपी, आणि काळा गॉगल, जो घालून ती चुलीपुढे भाकऱ्या थापायची. "धूर जात न्हाय डोल्यांत," ती म्हणायची. "आणि दिसते पन कशी, हिरोइन!" क्रांती शाळेतून आली की आत्या तिला पेटीपाशी न्यायची आणि नवीन आलेला माल दाखवायची. खाण्याच्या वस्तूंना मात्र दोन दिवसांची मुदत नव्हती, त्या खराब होतात. त्यामुळे होळीनंतरच्या त्या दुपारी, पप्पा मुरुडला सामान आणायला आणि मम्मी शेजारी गेलेली असताना, दोघींनी तीन नंबरच्या गार फरशीवर बसून सोनेरी कागद उघडला. सहा तुकडे होते. "तुला तीन, मला तीन," क्रांती म्हणाली. आत्याने एक खाल्ला, तोंड वाकडं केलं. "कडू हाय गो. मातीसारखा लागतो." "महागातलं कडूच असतं आत्या!" क्रांती म्हणाली. "तू पण ना, अगदीच गावठी!" आणि आपल्यातला एक तुकडा तिने लाडाने आत्याच्या तोंडात कोंबला. म्हणजे आत्याला चार, तिला दोन. आठ महिन्यांत ही वजाबाकी तिने कितीतरी वेळा केली होती, आणि दर वेळी उत्तर तेच यायचं.

त्यानंतरचं तिला सलग आठवत नाही, आणि जे आठवतं ते नको इतकं नीट आठवतं. खिडकीतून दिसणाऱ्या माडाच्या खोडावरच्या गोल खुणा एकेक करून वर सरकायला लागल्या, आणि त्यांच्या मागून नवीन येत राहिल्या, आणि माड काही संपेना. फरशी छातीसारखी वर आली आणि खाली गेली. समुद्राचा आवाज बाहेरून येत नव्हता, तो पलंगाच्या गादीतून येत होता, आणि त्या आवाजात कुणीतरी तिचं नाव घेत होतं, पण शेवटचं अक्षर न उच्चारता. आत्या हसत होती. भिंतीला गाल लावून हसत होती, आणि मग हसणं तसंच चालू ठेवून रडायला लागली. "झोपलंय," ती म्हणाली, "झोपलंय ते, उठवू नको." क्रांती पलंगाखाली गेली. तिने गिऱ्हाइकाचा टॉवेल तोंडात कोंबला, कारण आपण ओरडायला लागलो तर ओरडणं कधीच थांबणार नाही असं तिला स्वच्छ कळलं होतं. पलंगाखालून तिला आत्याचे पाय दिसले, दाराबाहेर जाणारे, वाडीतून, फाटकातून. ओहोटी होती. आत्या ओल्या वाळूतून सरळ समुद्रातल्या कासा किल्ल्याच्या दिशेने चालत गेली, पाणी कमरेला लागेपर्यंत, आणि जाळी सोडवत बसलेल्या कोळ्यांनी धावत जाऊन तिला उचलून आणलं. हे तिने पाहिलं नाही, ऐकलं. अंगणात माणसं जमली. "सखूला परत लागलं," कुणीतरी म्हणालं. परत. बारा वर्षांपूर्वी श्रीवर्धनला, सासरी, बाळ जन्मताच गेलं तेव्हा आत्या तीन महिने रिकाम्या पाळण्याशी बोलत होती. मग सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि परत नेलं नाही. गाव ते विसरलं नव्हतं, नुसतं गप्प होतं. त्या दुपारी सगळ्यांना एकदम आठवलं. क्रांती संध्याकाळी पलंगाखालून निघाली, तोंड धुतलं, आणि मम्मीने विचारलं, "कुठे गं होतीस?" तेव्हा म्हणाली, "झोपले होते." पुरावा म्हणून तिच्या गालावर टॉवेलच्या दोऱ्यांचे वळ होते. सोनेरी कागद तिने विहिरीमागे पुरला. तेव्हा तिला माहीत नव्हतं ते काय होतं. पण मग पुरला कशाला? हा प्रश्न ती फक्त चावी हातात असतानाच स्वतःला विचारत असे.

अलिबागच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी झालं होतं का? पप्पा म्हणाले, झालेलं. एवढंच विचारणं, एवढंच सांगणं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आत्या जाड झाली, जीभ जड झाली, आणि हात असे थरथरायला लागले की भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिच्या तीन भाकऱ्या होत. मग मम्मीने चूल काढून घेतली, मग खोल्या झाडायला दुसरी बाई आली, आणि आत्या मागच्या नारळाच्या खोलीत खाटेवर गेली. आता हंगाम तोंडावर आला होता. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या पोराने विचारलं, त्या अंधाऱ्या खोलीत कोण बसलंय, आणि घाबरून रडलं. त्याच रात्री जेवताना पप्पा ताटाकडे बघत म्हणाले होते, "पनवेलच्या पुढे एक संस्था हाय. ठेवून घेतात. पुढच्या आठवड्यात सोमवारी गाडी सांगितलीय." मम्मीने आमटी वाढताना डाव पातेल्यावर दोनदा आपटला होता. आणि क्रांती, शाळेतली भोंगा, तिने पाणी प्यायलं होतं.

नारळाच्या खोलीत ती शिरली तेव्हा आत्या जागी होती. सोललेल्या नारळांचा ढीग, सुंभाचा वास, आणि त्या ढिगाला असंख्य डोळे. नारळाला तीन डोळे असतात हे तिला मार्चआधी कधी जाणवलंच नव्हतं. तिने चावी रुतवली. "आत्या," ती म्हणाली, "ते चॉकलेट नशेचं होतं. फोन आला होता आत्ता त्यांचा." तिला वाटलं आत्या दचकेल, रडेल, तिच्या थोबाडीत मारेल, मारली असती तर किती बरं झालं असतं. आत्याने फक्त खाटेवर जागा केली. "बस," ती म्हणाली. शब्द सावकाश येत होते, वाळूतून पाय काढल्यासारखे. "माला ठाव होता." क्रांती खाटेच्या कडेवर टेकली. "येड माला एकदा आलेला क्रांते. त्याची चव माला म्हायती हाय. ते आतून येता. ह्या बाहेरून आलेला, तोंडातून गेलेला. दुसऱ्या दिशी सकाली माला सगला कलला." "मग बोलली का नाहीस?" क्रांतीचा आवाज एकदम वर गेला. "बारीक बोल. बोलले असते तर इचारला असता, आनखी कोनी खाल्ला? आन तुजा नाव आला असता." आत्याने थरथरता हात तिच्या वेणीवर ठेवला, आणि वेणीही थरथरली. "माजा नाव पडलेला हाय, त्याच्यावर आनखी काय पडनार? तुजा नाव पडला असता तर माज्या बाजूला तुजी खाट टाकली असती त्यांनी. पोरीच्या जातीला एकदा 'लागलेली' म्हटला ना, मंग ती शिंकली तरी लोका मागे सरतात." ती थोडी हसली. "तुला पन दिसला ना तेवां?" "फरशी," क्रांती पुटपुटली. "श्वास घेत होती." "माला पालना दिसला," आत्या म्हणाली. "पान्यावर. त्याच्यात होता ते. हात वर करून." "अजून वाटतं मला," क्रांतीने शेवटी सांगितलं. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "रोज वाटतं, आता परत सुरू होईल." आत्याने मान हलवली, आश्चर्य न वाटल्यासारखी. "भ्यालेल्या मानसाला तसा व्हता. ते येड न्हाय, ते भ्या हाय. त्याला ढकलू नको, ढकलला की ते अंगावर येता. हलायचा तर हल म्हनायचा त्याला. हलून हलून दमता." आणि मग, भिंतीकडे वळता वळता: "आता गप ऱ्हा. धाव्वीचा वरीस हाय तुजा. मी जाईन सोमवारी. तिथं झाडायला खोल्या असतीलच की."

क्रांती रात्रभर झोपली, हे सर्वात वाईट होतं. इतकी गाढ झोप मार्चनंतर तिला लागली नव्हती. सकाळी जाग आली तेव्हा पहिला विचार आला की सगळं व्यवस्थित जुळून आलंय: आत्या स्वतःच म्हणाली गप्प राहा, साहिलला वाटतंय फेकलं, कागद विहिरीमागे पावसात कुजून गेला असेल. कुणाला काही कळणार नाही. आणि लगेच, दात घासता घासता, तिला आरशात ती फरशी दिसली. म्हणजे स्वतःचा चेहराच दिसला, पण दम धरून बसलेला. तिला समजलं की आपण आठ महिने ज्याची वाट बघतोय ते आत्ता येऊन आत बसलंय, आणि त्याचा चॉकलेटशी काही संबंध नाही. सोमवारी गाडी येईल. आत्या पेटी घेऊन जाईल, किंवा पेटी इथेच राहील, आणि दोन दिवसांनी, कायद्याप्रमाणे, ती क्रांतीची होईल.

पप्पा अंगणात होते. जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ आपटून सोलत होते, आणि प्रत्येक सोडणाचा फाटण्याचा आवाज सकाळच्या शांततेत जरा जास्तच मोठा येत होता. मम्मी तुळशीपाशी पाणी घालत होती. क्रांती शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीला, पायऱ्यांवर उभी राहिली. "पप्पा, आत्याला पाठवायचं नाही." "शालेत जा," पप्पा म्हणाले. "पप्पा, आत्याला लागलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं नशेचं चॉकलेट राहिलं होतं तीन नंबरात. आम्हाला माहीत नव्हतं ते नशेचं. तिने चार तुकडे खाल्ले. मी खायला लावले." पहारीवरचा नारळ अर्धवट सोललेला तसाच राहिला. मम्मीच्या हातातल्या तांब्यातून पाणी सांडतच होतं, तुळशीच्या बाहेर. "आम्हाला म्हंजे?" पप्पांनी विचारलं. किती हळू विचारलं! एवढ्या हळू ते कधीच बोलत नसत. "आन तू किती खाल्लेस?" "दोन." "मंग तुला काय न्हाय झाला?" इथे एक दार होतं. 'नाही झालं' म्हटलं की ती त्यातून बाहेर पडली असती, शाळेला वेळेवर पोचली असती. "झालं," क्रांती म्हणाली. "अजून होतं."

आणि पप्पांनी तिच्याकडे बघितलं. ही नजर तिने ओळखली. ती आजवर तिच्यावर कधी पडली नव्हती, तिच्या खांद्यावरून पलीकडे, नारळाच्या खोलीकडे जायची ती नजर. मायेची, दमलेली, आणि एक पाऊल मागे सरलेली. मम्मी पुढे आली आणि तिने क्रांतीच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघितल्यासारखा, पण तिचे डोळे पप्पांकडे होते. "आपल्या घराण्यात हाय ते, रचना," पप्पा मम्मीला म्हणाले, क्रांती तिथे नसल्यासारखं. "माला वाटलेलाच. पोरगी कितीतरी म्हैने झाले चावी घेऊन फिरते. रात्ची स्वतःशीच नाव घेते." म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे तेही वाट बघत होते. नारळाच्या खोलीच्या दारात आत्या येऊन उभी राहिली होती, एका हाताने चौकट धरून. तिने मान नकारार्थी हलवली, क्रांतीकडे बघत, एकदाच: म्हटलं नव्हतं मी तुला?

क्रांतीने मोबाईल काढला. कालचा नंबर वरतीच होता. "मी सांगते त्यावर नका विश्वास ठेवू," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की हा तो तालुक्याचा आवाज नाही, हा कुठला तरी वेगळाच आहे, खरखरीत, पलंगाखालचा. "ज्याचं होतं त्यालाच विचारा. आणि मग आपण अलिबागला जाऊ. जे त्यांनी विचारलं नाही ते डॉक्टरांना सांगू." तिने नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. घंटी वाजायला लागली. त्याने उचलला नाही तर? उचलून म्हणाला, कुठलं चॉकलेट, तर? असली वस्तू कबूल करायला कोण वेडा बसलाय. आणि काल त्याने जे सांगितलं ते तिच्याशिवाय ऐकलंय कुणी? चार वेळा वाजली. अंगणाच्या कडेच्या पोफळी एका रांगेत उभ्या होत्या, एक शेंडाही न हलवता, आणि त्यांच्या पलीकडे समुद्र पुन्हा ते अर्धवट नाव घेत होता. सवयीने तिने चावी चाचपली, आणि चावी दप्तरात राहिली होती. पाचव्यांदा वाजली. तिच्या तळव्यांखाली पायरीची फरशी अगदी सावकाश वर यायला लागली.

"हॅलो?" साहिलचा झोपाळू आवाज आला.

फरशी हलत होती. क्रांतीने तिला हलू दिलं, आणि बोलायला सुरुवात केली.